महिन्याची सूट

लाय पो-यानने आकडा सांगितला आणि समोर बसलेला थू नावाचा सेल्समन "चालेल" म्हणाला. झालं ते एवढंच. पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे जमीनच असावी, तसं पो-यानला झालं. छापील किमतीपेक्षा लाखभर कमी, वर काचांना उन्हाची फिल्म, समोर बघणारा कॅमेरा, पायाखालच्या मॅट आणि लहान मुलाची सीट, तीही चांगल्यातली, एवढं सगळं त्याने एका दमात मागितलं होतं. मागायचं म्हणून मागितलं होतं. त्यातलं निम्मं थू खोडून काढणार, मग आपण रुसून उठायचं, काचेच्या दारापर्यंत जायचं, मग त्याने हाक मारायची, हे नाटक त्याला तोंडपाठ होतं. गाडी घेऊ पाहणाऱ्यांच्या ज्या साइटवर तो रोज जेवणानंतर बसायचा, तिथे लोक आपापल्या सौद्याला 'मेनू' म्हणत आणि तो मांडून एकमेकांना विचारत, मी फसलो का हो. वाचलेल्या शेकडो मेनूंमध्ये एकही सेल्समन असा नव्हता ज्याने उसासा टाकला नाही, आत जाऊन साहेबांना विचारलं नाही, माझ्या पोटावर पाय देताय असं म्हटलं नाही. थूने यातलं काही केलं नाही. गळ्यातल्या टॉवेलने मान पुसली, कॅल्क्युलेटर बाजूला सारला आणि कागद पुढे ओढले.

"चालेल म्हणजे?" पो-यानने विचारलं.

"म्हणजे चालेल, लाय साहेब. रंग पांढराच ना?"

"सीटसकट?"

"सीटसकट."

"तुमच्या साहेबांना विचारत नाही?"

"साहेब म्हणालेत, या महिन्यात विचारायला येऊ नकोस." थू हसला. पन्नाशीचा गोल माणूस, हसला की डोळे नाहीसे व्हायचे. "कंपनीचं मन मोठं आहे असं समजू नका हं. माझंही नाही. ही सूट महिना देतोय."

काचेबाहेर, पायरीच्या कडेला, मेलेल्यांना पोचवायच्या कागदी नोटा जाळायचा लोखंडी डबा काळा पडून उभा होता. पंचांगातला सातवा महिना लागला होता. पाताळाचं दार उघडलेलं, चांगले भाऊ गावात फिरत असलेले. त्यांना भूत म्हणायचं नाही, तेवढी रीत पो-यानसुद्धा पाळायचा. या महिन्यात काओश्युंग शहरात कुणी घर घेत नाही, लग्न करत नाही, नव्या गाडीची किल्ली हातात घेत नाही, आणि म्हणूनच तो आला होता. सगळे पाठ फिरवतात तेव्हा जो दुकानात शिरतो त्याचा फायदा, हा त्याचा हिशोब होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. तिथे प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच, पिवळं चालत नाही. मुदत संपायच्या आत बदलायचं आणि कुणी खायचं नाही. ही पाकिटं बदलणं त्याच्याच कामात होतं, आणि ते तो हसत हसत पण न चुकता करायचा. विश्वास नाही, पण यंत्र बंद पडल्यावर पाकीट जुनं होतं असं कुणी म्हणू नये, इतकंच. माणूस असा कुठेतरी मधेच राहतो. तिथे त्याला कुणी हटकलं नाही तर आयुष्य बरं जातं.

सही करताना त्याला आई आठवली. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भाव करायची वेळ आली की ती येऊन शेजारी उभी राहायची. मासळीबाजारात ओल्या फरशीवर, रबरी चपला घालून, एका हातात पो-यानचं मनगट. कोळीण ओरडून ओरडून थकायची, ताई घ्या, ताई किती देणार, आणि आई नुसती माशाचा कल्ला उचलून आत बघत राहायची. बोलायचीच नाही. शेवटी कोळीण स्वतःच आकडा बोलायची आणि तिथून मग तो खाली खाली यायचा. "आधी बोलला तो हरला," परत येताना आई सांगायची. आणि एकदा, कुणीतरी तिच्या पहिल्याच बोलीला हो म्हटल्यावर, ती मासा न घेताच निघाली होती. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "जो लगेच हो म्हणतो त्याचा मासा बघायचा. मासा ताजा असेल तर तराजू बघायचा. तराजू बरोबर असेल तर घरी जायचं आणि दार लावून बसायचं." तेव्हा तो हसला होता. आता सही करता करता त्याच्या लक्षात आलं की आज आधी तोच बोलला होता. थूने विचारलंही नव्हतं. थूने नुसता चहा पुढे केला होता आणि त्या गप्प बसण्याला कंटाळून आकडा याच्याच तोंडातून बाहेर पडला होता.

मासा ताजा होता. गाडी याच वर्षीची, अपघाताच्या चाचण्यांत पाचही तारे मिळवलेली, सगळे कागद त्याने उलटसुलट तपासले. तराजूही बरोबर होता. तो स्कूटर काढून घरी आला.

"लाखभर?" यी-चेन म्हणाली. ती पंख्यासमोर पाय वर घेऊन बसली होती. तिला गरोदरपणाचा सातवा महिना नुकताच लागला होता. "आणि सीट पण? पो-यान, तू त्या माणसाला मारहाण वगैरे केलीस का?"

"तो म्हणाला महिना देतोय."

"मग त्या महिन्याला एकदा जेवायला बोलाव."

ती हसली. पण स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या तिच्या आईचे हात थांबले. सासूबाई ताइतुंगहून मुलीच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. आल्या दिवशीच त्यांनी झोपायच्या खोलीतली कात्री आणि हातोडी बाहेर नेऊन ठेवली होती, पलंग तसूभरही हलवायचा नाही असं बजावलं होतं. पोटातल्या बाळाचा देव खोलीत कुठे बसलेला असेल ते कुणी सांगावं. पो-यानने तेही हसत हसत पाळलं होतं.

"आणणार कधी गाडी?" त्यांनी आतूनच विचारलं.

"आठवडाभरात तयार होईल, आई."

"म्हणजे याच महिन्यात."

"किंमत याच महिन्याची आहे ना."

त्या बाहेर आल्या, हात पदरासारखे पोटाशी धरून उभ्या राहिल्या. "हे बघ, मी शिकलेली नाही. तुझी गाडी, तुझे पैसे. पण माझ्या मुलीला या महिन्यातल्या गाडीत मी बसू देणार नाही. मागच्या वेळी काय झालं ते विसरलास काय?"

मागच्या वेळचं कुणी विसरलेलं नव्हतं. फक्त घरात ते असं मोठ्याने कुणी म्हणत नसे. चौथ्या महिन्यात, काहीही कारण नसताना, एका साध्या सकाळी ते मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले असं होतं, पुष्कळांचं होतं, कुणाची चूक नसते. पो-यानला ते वाक्य अजून टोचायचं. चूक असती तर तिला धरून काही घासाघीस करता आली असती. हे असं कारण नसलेलं म्हणजे दुकानदार नसलेलं दुकान. हाक मारायची तरी कुणाला. त्या सगळ्यानंतर यी-चेन एकदाच म्हणाली होती, पुन्हा राहिलं तर मी स्कूटरवर बसणार नाही. तिने स्कूटरला दोष दिला नव्हता, डॉक्टरांनीही नाही. पण तिथूनच गाडीचं सुरू झालं होतं. तारे, एअरबॅग, ब्रेक, मागच्या सीटचे हुक, कुठल्या गाडीत लहान मूल सगळ्यात सुरक्षित राहतं, याचं त्याने परीक्षेसारखं वाचन केलं होतं. लोकांना वाटायचं याला गाड्यांचं वेड लागलंय. त्याला गाडीचं काही पडलेलं नव्हतं. त्याला कुठेतरी एक तरी भाव आपल्या हातात हवा होता.

शेवटी तोडगा निघाला, आणि तो थूनेच फोनवर सुचवला. त्याला सवय असावी. "असं करू साहेब. नंबरपाटी याच महिन्यात काढू, नाहीतर किंमत हातची जाईल. गाडी मात्र आमच्या मागच्या अंगणात उभी राहील. आठव्या महिन्यात चांगला दिवस बघून तुम्ही न्यायची. लाल फीत बांधून देतो, फटाके लावतो. मावशींना सांगा, काळजी नको. सगळे असंच करतात."

"सगळे असंच करतात," पो-यानने सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पंचांग काढून दिवस बघितला, वेळ बघितली, आणि मान हलवली. पण समाधान झालं असं त्यांचा चेहरा काही म्हणत नव्हता. यी-चेनने फक्त एक अट घातली. "ती सीट आधी लावून ठेवायची नाही. बाळ घरी यायच्या दिवशी लावायची. तोवर तिथेच राहू दे त्यांच्याकडे." हे तिने पायाची बोटं मोजत असल्यासारखं, खाली बघून म्हटलं. यंदा तिने एकही लंगोट, एकही टोपडं आणलं नव्हतं. मागच्या वेळी आणलेलं एक टोपडं कपाटात कुठेतरी होतं आणि ते कुठे आहे हे दोघांनाही नक्की माहीत होतं.

गाडी आली. कारखान्याच्या वाटेवरच शोरूम होतं, त्यामुळे जाता येता ती त्याला जाळीतून दिसायची. मागच्या अंगणात, भिंतीला तोंड करून, पांढरी, दारांना अजून निळं प्लास्टिक, नंबरपाटी मात्र लागलेली. स्वतःची गाडी अशी दुसऱ्याच्या अंगणात बघताना आनंद व्हायला हवा होता. होईना. पाटी लागली म्हणजे सरकारदरबारी तिचा जन्म झाला, आणि जन्म याच महिन्यातला. तो आपण लपवून ठेवतोय, लपवतोय कुणापासून, तर ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांच्यापासून. सिग्नलला थांबला की हे असलं काहीतरी डोक्यात फिरायचं. आणि मग ते लाखभर. एवढी रक्कम हवेत विरत नाही, तो इंजिनियर होता, त्याला माहीत होतं की एका जागी कमी झालेलं दुसऱ्या जागी कुठेतरी जास्त निघतं. कंपनी देत नाही, थू देत नाही. मग कमी कुठे पडतंय? यंत्रात असं झालं की तो झाकण उघडून शोधायचा. इथे झाकण कुठलं तेच कळत नव्हतं. साइटवर त्याने आपला मेनू टाकला होता. खाली लोकांनी वाहवा केली होती, आणि कुणीतरी नाव न देता एवढंच लिहिलं होतं, इतकं स्वस्त मिळालं तर मी घेतलं नसतं. त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग आपला मेनूच काढून टाकला.

महिन्याच्या पंधराव्या दिवशी सकाळी त्यांच्या इमारतीखाली मांडव पडला. सगळी गल्ली चांगल्या भावांच्या नैवेद्याच्या टेबलांनी भरली, प्रत्येक टेबलावर तांदूळ, शेवयांची पाकिटं, फळं, डबे, कोंबडी, आणि तोंड धुवायला एका घमेल्यात पाणी आणि टॉवेल. दूरवरून चालत आलेल्यांनी आधी तोंड धुवावं. पोटुशा बाईने तिथे जायचं नसतं. पो-यान कामावर निघताना त्यांच्या घरची पिशवी खाली न्यायला लागला तेव्हा यी-चेनने फ्रिजमधून आंबट दुधाची एक चिमुकली बाटली काढली, तिच्यात नळी खोचली आणि त्याच्या हातात दिली.

"ही पण ठेव," ती म्हणाली.

"कुठे?"

"खाली. कडेला ठेव. उंच नको."

त्याला समजलं. चौथ्या महिन्यात गेलेल्याला टेबलावरचं कसं पोचणार. त्याने बाटली टेबलाखाली पायाशी ठेवली, कुणी बघत नाही असं बघून, आणि उठताना त्याचे डोळे भरून आले. मग धुरामुळे आले असं त्याने ठरवलं.

दुपारी कारखान्यात तो पाकिटं तपासत फिरत होता. तिसऱ्या ओळीतल्या यंत्रावरच्या पाकिटाची मुदत मागच्याच महिन्यात संपलेली निघाली. हे कधी होत नसे. गेले काही आठवडे डोक्यात गाडीच होती. तो पाकीट हातात धरून तसाच उभा राहिला. यंत्र नीट चालू होतं, आवाजात काही फरक नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"पो-यान," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "हिचं पाणी गेलंय."

"काय?"

"पाणी गेलं. लवकर ये. रुग्णवाहिकेला सांगितलंय, पण मांडवामुळे ती गल्लीच्या तोंडाशीच अडकणार म्हणतात. हिला एवढं चालवत नेऊ कशी? मागच्या बोळात एखादी छोटी गाडी आली तर बघ. टॅक्सीवाले आज फोन उचलत नाहीत."

छोटी गाडी. स्कूटरवरून तो निघाला तेव्हा रस्ताभर टेबलं होती, धूर होता, आणि माणसं हातात उदबत्त्या घेऊन दोन्ही बाजूंना रस्त्याकडे तोंड करून उभी होती. जणू कुणाचीतरी वाट बघत. शोरूमच्या दाराशीसुद्धा टेबल मांडलेलं होतं आणि थू उदबत्ती कपाळाशी धरून उभा होता. पो-यानने स्कूटर तिथेच टाकली.

"किल्ली द्या."

"लाय साहेब? आज?"

"आज."

"अहो आज पंधरावा आहे. दोन आठवडे थांबलात, आता आणखी दोनासाठी..." बोलता बोलता थूने त्याचा चेहरा नीट बघितला आणि पुढचं तोंडातच राहिलं. उदबत्ती रेतीत खोचली आणि तो धावत आत गेला. त्या वयाचा, त्या अंगाचा माणूस धावतो तेव्हा बघणाऱ्याला भीती वाटते. तो किल्ली घेऊन आला, दारांवरचं निळं प्लास्टिक दोन्ही हातांनी फाडू लागला, पो-यानने "राहू दे" म्हणेपर्यंत. गाडी फाटकातून बाहेर पडताना आरशात दिसलं, थूने टेबलावरच्या वाटीतून मूठभर मीठ-तांदूळ उचलून चाकांवर फेकले. दाणे पत्र्यावर तडतडले. पुढच्या चौकात जळक्या नोटेची राख काचेवर येऊन बसली. त्याने वायपर लावला, आणि राख जायच्या ऐवजी सगळ्या काचेवर पसरली.

मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांशेजारच्या पायरीवर यी-चेन बसली होती, भिंतीला डोकं टेकून. सासूबाईंनी गाडी बघितली. पांढरा रंग बघितला, कोरी पाटी बघितली.

"तीच ना ही?"

"तीच, आई."

पो-यानला वाटलं आता ही बाई नाही म्हणणार, आणि ती नाही म्हणाली तर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. सासूबाईंनी दार उघडलं, आधी स्वतः आत बसल्या, मांडी पुढे केली आणि मुलीचं डोकं तिच्यावर घेतलं. "बघत काय बसलास," त्या म्हणाल्या, "चालव."

"सीटवरचं प्लास्टिक काढू नको," मागून यी-चेन म्हणाली. "सीट खराब होईल."

"होऊ दे."

"नवी आहे रे."

रस्ताभर ते प्लास्टिक कुरकुरत राहिलं. ती कळ आली की अंग ताठ करायची आणि प्लास्टिक वाजायचं, कळ गेली की पुन्हा वाजायचं, आणि त्यावरून त्याला मागे न बघता सगळं कळत होतं. इतकी नवी, इतकी गुळगुळीत गाडी होती की इंजिनाचा आवाजच नव्हता, बाकी काही ऐकूच येत नव्हतं. टेबलांमधून वाट काढताना माणसं वळून बघायची. कुणी टेबल मागे ओढलं, कुणी हात जोडून बाजूला झालं. गाडी ब्रेकला चांगली होती. तारे दिले होते ते खरेच होते.

मुलगी झाली. ती रडली, पण इतकी हळू की नर्सने सांगितलं तेव्हा त्यांना कळलं. काचेच्या पेटीत ठेवलेली, अंगावर तारा, डोळ्यांवर पट्टी, आणि पायाचा अंगठा उडदाच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले वाट बघू. फुप्फुसं लहान आहेत, पण मुलगी जिद्दीची दिसते. डॉक्टर असं प्रत्येकाला सांगत असणार, तरी ऐकायला बरं वाटलं.

सासूबाई महिन्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याला भांडता आलं असतं. उलट त्याच त्याला धीर द्यायच्या. "सातव्यातलं मूल जगतं," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे जुनी माणसं सांगायची. आठव्यातलं कठीण. सातव्यातलं जगतं." हे त्या दवाखान्याच्या खुर्चीवर बसून स्वतःशीच पुटपुटायच्या, मणी ओढल्यासारखं. आणि पो-यान काचेला कपाळ लावून उभा राहायचा. भिंतीवर तक्ता होता, कितव्या आठवड्यात बाळाचं वजन किती असावं त्याचा. पूर्ण दिवसांचं वजन छापलेलं होतं, आणि खाली पेटीवर चिकटवलेल्या कागदावर हिचं. छापलेल्यापेक्षा कितीतरी कमी. तो त्या दोन आकड्यांमधलं अंतर मनात काढत राहायचा. मग कधीतरी, खालच्या पार्किंगमध्ये गाडीत बसला असताना, मागच्या सीटवर प्लास्टिक आपलं आपणच जरासं वाजलं आणि त्याला झाकण सापडलं. कमी कुठे पडलं ते त्याला समजलं. आपणच मागितलं होतं. आपणच आधी बोललो होतो, इतकं कमी करा म्हणून, आणि कुणीतरी चालेल म्हटलं होतं. हा वेडेपणा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून ते हलत नव्हतं.

आठव्या महिन्याचा पहिला दिवस उजाडला तेव्हा मुलगी अजून होती. वजन किंचित वाढलंही होतं. यी-चेन पेटीच्या भोकातून एक बोट आत घालून बसली होती आणि मुलीने ते धरलं होतं. धरलं होतं की नुसतं टेकलं होतं, पण ती धरलंय म्हणत होती. "मी जरा शोरूमला जाऊन येतो," तो म्हणाला. बँकेतून लाखभर रोख काढली, पाकिटात घातली आणि शोरूमला आला. टेबल नव्हतं, डबा धुऊन पालथा घातला होता. आत दोन जोडपी गाड्यांची दारं उघडून बघत होती.

थू लगबगीने आला. "मुलगी झाली ना? आमच्या शोरूममधल्या मुलींनी तुमच्या घरी फोन केला होता. कशी आहे?"

"पेटीत आहे. थू साहेब, हे घ्या."

थूने पाकिटात डोकावून बघितलं. "हे काय?"

"छापील किमतीत जेवढं कमी केलं होतं तेवढं. मला पूर्ण किमतीला घ्यायची आहे गाडी."

"साहेब, बसा. चहा घ्या."

"चहा नको. पावती द्या, पूर्ण किमतीची."

"अहो, बिल कधीच बंद झालं. आता हे मी लिहू कशात? कॉम्प्युटर घेणारच नाही. आणि इतक्या वर्षांत पैसे वाढवून द्यायला आलेला माणूस मी पाहिला नाही हो." तो हसू पाहत होता पण डोळे काही नाहीसे झाले नाहीत. त्याला समजलं असावं. त्याने पाकीट दोन्ही हातांनी परत पो-यानच्या खिशात सारलं. "मी घेऊन तरी काय उपयोग. मी कुठे दिली होती."

"मग ज्याने दिली त्याला परत द्यायची आहे."

थूने काचेबाहेर बघितलं, मग हळू आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाला, "महिना कालच संपला, साहेब."

पो-यान परत गाडीशी आला तेव्हा शोरूमच्या दोघी मुली मागच्या सीटवर वाकलेल्या होत्या. प्लास्टिक त्यांनी काढून टाकलं होतं, आरशाला लाल फीत बांधली होती, आणि मुलाची सीट बसवत होत्या. पट्टा कुठून कुठे जातो त्यावर त्यांचं भांडण चाललं होतं, थू येऊन "अगं इकडून" म्हणाला आणि त्यालाही जमेना. बऱ्याच खटपटीने शेवटी टक् आवाज झाला. नको म्हणायला हवं होतं, यी-चेनची अट त्याला आठवत होती. पण तिघेही घामाघूम होऊन त्याच्याकडे इतक्या आनंदाने बघत होते की त्याने मान हलवली. आणि मनात कुठेतरी त्याला वाटलं, लावलेलीच बरी. लावली म्हणजे आणावंच लागेल.

पहिल्याच सिग्नलला फोन वाजला. यी-चेन. त्याने गाडी कडेला घेतली. फोन कानाला लावला आणि तो काहीच बोलला नाही. या वेळी आधी बोलायचं नाही. पलीकडे यंत्रांचा बारीक आवाज होता, मग तोही कमी झाला, ती खोलीबाहेर आली असावी.

"पो-यान?"

त्याने इंजिन बंद केलं.

"शोरूममधून निघालास?"

"हो."

"त्यांनी ती सीट लावून दिली का?"

आरशात सीट दिसत होती, नवी, करड्या रंगाची, तिच्या दोन्ही बाजूंना वळलेले कान. "लावली," तो म्हणाला.

तिच्या मागे सासूबाई तेच तेच म्हणत होत्या, सातव्यातलं जगतं, सातव्यातलं जगतं, मधेच थांबत होत्या.

"येण्याआधी काढून ठेव," यी-चेन म्हणाली. "मला बघायची नाही."

तो उतरला. मागचं दार उघडलं. तिघांना इतका वेळ न जमलेला तो पट्टा, एका बोटाने दाबल्यावर लगेच सुटला.